डोंगर फुटू नये म्हणून

सेनगावच्या संतरामच्या घरात सकाळी आधी इंडोनेशियातल्या ज्वालामुखीची चौकशी होई, मग जमलंच तर संतरामची. धाकटा भाऊ विजयकुमार तिथं डोंगरातून निघणारे वायू मोजायच्या कामावर होता. फोनवर तो सांगायचा ते आई, शकुबाई, कान देऊन ऐकायची आणि नळावर गेली की साऱ्या आळीला शिकवायची: खालचा लाव्हारस वर सरकू लागला की आधी कार्बनचा वायू वाढतो, गंधकाचा मागं राहतो, मग समजायचं डोंगर फुटायला आला. सगळं सोयाबीन एकट्याच्या बळावर काढणाऱ्या थोरल्याबद्दल मात्र ती चकार शब्द काढत नसे. संतराम आतल्या आत जळायचा.

दिवाळीच्या तोंडावर तो कार्बन वाढला. विजयकुमारच्या शब्दावर पायथ्याची गावं रिकामी झाली, त्याचा फोटो पेपरात आला, आणि बाजारात जो तो संतरामला अडवून भावाचं कौतुक ऐकवू लागला. संतराम हसून मान डोलवायचा आणि घरी येऊन बैलांवर खेकसायचा.

शकुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. लेकरू तिथंच होतं, म्हणून तिनं देव पाण्यात ठेवले. संतराम तर अनवाणी औंढ्याला चालत गेला. डोंगर फुटू देऊ नको, असं त्यानं नागनाथाला हात जोडून विनवलं. भाऊ वाचावा म्हणून नव्हे. डोंगर फुटला नाही की विजयकुमार तोंडघशी पडणार होता. इतकं मनापासून त्यानं पावसासाठीही कधी मागितलं नव्हतं.

आणि डोंगर फुटला नाही. लाव्हारस मधेच थांबला, वायू उतरले, उगाच घरंदारं सोडायला लावली म्हणून तिथले लोक विजयकुमारवर उखडले. ही बातमी आली त्या दिवशी संतराम दोन भाकरी जास्त जेवला.

महिनाभरात विजयकुमार बॅगा घेऊन दारात उभा राहिला. त्याला कामावरून काढलं होतं.

"आता न्हाई जात, आई. दादासंगं शेतीच बघतो," तो म्हणाला.

शकुबाई त्याला पोटाशी धरून रडली. संतराम उंबऱ्यातच थिजला. आता हे कौतुक रोज डोळ्यांसमोर चालणार होतं.

तेवढ्यात शकुबाईनं त्यालाही जवळ ओढलं आणि कितीतरी वर्षांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"ह्यो तुझ्यासाठी अनवाणी गेलता औंढ्याला," ती धाकट्याला म्हणाली. "देवानं माझं न्हाई, ह्याचं ऐकलं."

विजयकुमार वाकून दादाच्या पाया पडला. संतरामनं झटकन पाय मागं ओढले.