भाताच्या वाटेने

गोरख उत्रोलीहून भोरला आला आणि आपले जुने शिक्षक आनंदराव यांच्यासमोर बसून अडखळत बोलू लागला, तेव्हा अडचण घरगुती असावी असे आनंदरावांना वाटले. ती घरगुतीच होती. परंतु तिचे मूळ नेमके त्या प्रश्नात होते, ज्यावर आनंदराव निवृत्तीनंतर अकरा वर्षे ग्रंथ लिहीत होते: मेलेला माणूस परत येतो, असे प्राचीन लोकांनी का मानले?

गोरखचे वडील मानसिंग वैशाखात वारले. आपली रक्षा नीरेत न सोडता घरच्या भातखाचरात घालावी, अशी त्यांची इच्छा होती व ती पाळली गेली. पुढे लावणी झाली, पीक आले, कार्तिकात इंद्रायणी भात झोडून घरात आणला. आणि त्या दिवसापासून गोरखची आई सखूबाई हिने भात सोडला. तिचे दात गेलेले, पोट नाजूक. डॉक्टरांनी मऊ भातच सांगितला होता. ती दुधात कुस्करलेल्या भाकरीवर राहू लागली आणि माघापर्यंत इतकी उतरली की, तिला उठताना भिंत धरावी लागे. विकतचा तांदूळ आणला, तर घरात कणगी भरलेली असताना दुकानातले खायला मी भिकारीण आहे का, असे तिने विचारले.

"तुमी शास्त्रातलं सांगा, सर," गोरख म्हणाला. "नवऱ्याला खाल्ल्यागत वाटतंय तिला. बोलत न्हाई, पन आमाला कळतं की."

आनंदरावांना हे प्रकरण स्वच्छ दिसले. प्राचीन ग्रीसमध्ये एक पंथ शेंगांतले दाणे वर्ज्य मानी; पाताळातले आत्मे त्या झाडाच्या देठातून वर येतात आणि तो दाणा खाणे म्हणजे आईबापांचे मस्तक चावणे होय, अशी त्यांची समजूत होती. अशा समजुतींना हसणाऱ्यांशी आनंदराव आयुष्यभर भांडत आले होते. ग्रीसच्या बेटांवर, गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, अरण्यांत आणि गंगेच्या खोऱ्यात, एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या माणसांनी मरण हा शेवट नव्हे असे ठरवले. ही गोष्ट योगायोग म्हणून झटकून टाकणाऱ्याने आधी योगायोगाची व्याख्या करावी, असे ते म्हणत.

तथापि, उत्रोलीला जाताना त्यांच्या मनात एक पेच होता. शास्त्रात असे काही नाही, असे सांगणे सोपे होते. पण ते खोटे झाले असते. वैदिक ऋषींनी तर स्पष्टच म्हटले आहे की, चंद्रलोकातून परतणारा जीव पावसातून भूमीवर येतो आणि भात, जव, तीळ, उडीद होतो. ते अन्न जो खातो, त्याच्याकडून तो पुन्हा जन्मतो. भाष्यकारांनी मात्र एक बारीक भेद केला आहे. हा जीव धान्याला केवळ चिकटलेला असतो. धान्य म्हणून जन्मलेला नसतो. म्हणून कापताना, कांडताना, शिजवताना त्याला वेदना होत नाहीत. या भेदावर विसंबावे, असे आनंदरावांनी ठरवले.

ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी तो सखूबाईला नीट उलगडून सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"दुखतं म्हनून न्हाई सोडला म्या, गुरुजी," ती म्हणाली. "भाताला दुखलं आस्तं, तर कांडताना पैल्यांदा आमाला कळलं आस्तं. तुमच्या पोथीला नंतर."

एवढे बोलून ती भिंत धरून उठली आणि जेवण वाढायला गेली. सून सोनिया हिने वाढायचा आग्रह केला, तेव्हा सासूने तिला पानावर बसवले. गोरख आणि सोनिया यांच्या ताटांत वाफाळत्या भाताचे ढीग पडले. आठ वर्षांच्या नातीपुढे, शेफालीपुढे, भाकरी आली. आनंदरावांपुढेही भाकरीच आली. भात पिकवणाऱ्याच्या घरी पाहुण्याला भात नाही, याची सोनियाला इतकी लाज वाटली की ती पुटपुटली, आत्याबाई पोरीच्या पुढचाही भात उचलून नेतात, आता काय सांगावे. शेफाली फुरंगटली, अर्धी भाकरी खाऊन अंगणात निघून गेली.

आनंदरावांचा हात ताटावर थबकला. नवऱ्याला खाल्ल्याचे भय असते, तर या बाईने पोटच्या मुलाला तोच भात असा आग्रहाने वाढला नसता. भात कोणाला नाही? लहान मुलीला, म्हातारीला आणि त्यांना स्वतःला, एकोणसत्तर वर्षांच्या विधुराला. ही यादी त्यांनी वाचलेली होती. स्वर्गातून उतरणे सोपे, पण धान्यातून सुटणे सर्वांत कठीण, असे ऋषी म्हणाले होते. आणि भाष्यकारांनी कारण दिले होते की, ते धान्य बालकाने, वृद्धाने किंवा विरक्ताने खाल्ले, तर जीवाची वाट तिथेच खुंटते.

"सखूबाई," ते हलकेच म्हणाले, "तुम्ही मानसिंगरावांची वाट मोकळी ठेवताय का?"

तिने त्यांच्याकडे नीट पाहिले. "माझ्या पोटात गेलं तर तितंच आडकलं. पोरीच्या पोटात बी तसंच. ह्या दोगांच्यातनं वाट हाय, म्हनून त्यांस्नी घालते. तुमच्या ताटात घालून काय उपेग, गुरुजी?"

गोरखला ठसका लागला. आनंदराव हसले नाहीत. हे तुम्हाला कोणी सांगितले, एवढेच त्यांनी विचारले.

"बी कुठं पडलं तर उगवतं आन् कुठं वाया जातं, ह्ये मला कुनी सांगाया पायजे व्हय?"

आनंदरावांनी अकरा वर्षांत कोणाही पंडिताकडे इतक्या आदराने पाहिले नव्हते. ऋषींनी ज्या टोकाला तर्काने पोहोचावे, तिथे ही बाई खाचरातून चालत पोहोचली होती, आणि निष्कर्षाची किंमत स्वतःच्या अंगाने मोजत होती.

सोनियाने ताट बाजूला सारले.

"आत्याबाई," ती म्हणाली, "शेफालीच्या वक्ताला माझी पिशवी काढली. जीव वाचंना म्हनून. ह्ये टेम्पो घेऊन लांब गेल्ते. मामंजींनी सही केली. तुमाला सांगू नका म्हनले, तिचा जीव तुटंल म्हनून."

आनंदरावांनी सगळ्या देशांतले, सगळ्या पंथांतले सांत्वन मनात चाळून पाहिले. शेवटी ते म्हणाले की, गावात नव्या सुनांची घरे आहेत, तिकडे हा तांदूळ देता येईल. वाट बंद झाली असे मानण्याचे कारण नाही.

"जित्तेपनी शेजारच्या वट्यावर च्या घेतला न्हाई त्यांनी," सखूबाई म्हणाली. "आता दुसऱ्याच्यात जल्माला जातील?" मग सुनेकडे वळून तिने विचारले, "म्हंजी आट वर्सं त्यांस्नी ठाव हुतं?"

"व्हय."

"आन् ठाव आसून खाचरात टाका म्हनले?"

गोरखने होकाराची मान डोलावली.

सखूबाई चुलीकडे पाहत राहिली. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. रागावावे की नाही, हे तिचे ठरत नसावे.

"मग त्यांस्नी कुठं जायाचंच न्हवतं," ती म्हणाली.

तिने भाताचे पातेले स्वतःकडे ओढले. ज्याला शास्त्र वाट खुंटणे म्हणते, ते काही जीवांना मुक्कामाचे ठिकाण वाटत असेल, ही शक्यता कोणत्याही भाष्यात मांडलेली आनंदरावांना आठवेना. सखूबाईने पहिला घास बोटांनी मऊ केला, तोंडात घातला आणि दात नसलेल्या हिरड्यांनी सावकाश घोळवला. तो गिळून झाल्यावर तिने दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला तिने सोनियाला दुधाचे भांडे पुढे सरकवायला सांगितले.