चाळीसपर्यंत

"आ करा, चाळीस. अजून मोठा. आज तुमच्या हाताची नाही, दाताची परीक्षा आहे."

डॉक्टर स्वतःच्याच विनोदावर हसले. दार उघडंच होतं, त्यामुळे बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंटही हसले. खुर्चीत आज मावशी होत्या. एकवीस वर्षं याच खुर्चीच्या डाव्या बाजूला उभं राहून त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडात दिवा धरला होता. 'चाळीस' हे नाव त्यातूनच पडलं. रूट कॅनाल केलेल्या दाताच्या मुळात बारीक काडी बसवायची, भोवती सिमेंट भरायचं आणि काडीच्या टोकावर निळा दिवा टेकवून चाळीस आकडे मोजायचे. उजेड काडीतून खाली उतरतो आणि सिमेंट घट्ट होतं, मग काडीवर नवा दात बांधायचा. हे त्यांना थोरल्या डॉक्टरांनी, म्हणजे यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. वर उजेड दिसला म्हणून मुळाशी उजाडलं असं समजायचं नाही, असं ते म्हणायचे.

वडील गेले आणि चिरंजीव दिव्यावरचं दहाचं बटण दाबू लागले. दहाला दिवा आपोआप विझतो, बाहेरची रांग लवकर सरते. दोन महिन्यांत तीन काड्या दातासकट निघून आल्या. तेव्हा डॉक्टरांना शोध लागला, की मावशींचा हात थरथरतो. नेमकी त्याच सुमारास डॉक्टरांची मेव्हणी काम शोधत होती. ज्याला हा योगायोग वाटेल त्याला वाटो.

तेवढ्यात मावशींचाच पुढचा दात मोडला आणि डॉक्टरांना युक्ती सुचली. काडी मावशींच्या दातात बसवायची, दिवा मेव्हणीनं धरायचा. महिनाभर टिकली तर दोष मावशींच्या हाताचा, मावशी घरी. निघाली तर नोकरी पक्की. हे त्यांनी भर दवाखान्यात, पेशंटांसमोर जाहीर केलं.

दिवा लागला. मेव्हणीनं तो काडीपासून चांगला बोटभर लांब धरला होता. आठ, नऊ, दहा. विझला.

"अ... ऊ..." मावशींच्या तोंडात कापसाचे बोळे होते.

"भावजी, त्या काहीतरी म्हणतायत."

"'अजून धरा' म्हणत असतील. सवय आहे त्यांना. लक्ष देऊ नकोस."

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि लगेच तोडगा काढला.

"अगं, मग चाव की त्या दातानं काहीतरी कडक. उद्याच निघेल!"

"तुमची अक्कल तुमच्याजवळच ठेवा. खोटं करून जिंकायचं नाहीये मला."

"मग बस. इकडे आड, तिकडे विहीर. दात राहिला तर नोकरी जाणार, नोकरी राहिली तर दात."

मावशी हसल्या. त्या दिवसापासून त्या दाढांनीच जेवू लागल्या, तेही मऊ करून. आरशात तो दात छान दिसायचा आणि त्याचा त्यांना राग यायचा. आपलाच दात कधी पडतो याची वाट पाहायला लागते, याची लाजही वाटायची.

दवाखान्यात आता त्यांच्याकडे भांडी धुण्याचं काम होतं. रोज सकाळी पेशंट जमले, की डॉक्टर हाक मारायचे, "चाळीस, आ करा." मग छोट्या आरशाच्या दांड्यानं दातावर टकटक करून बाकाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "एकदम ठाम!" बाक हसायचा.

सव्विसाव्या दिवशी सकाळी चूळ भरताना दात काडीसकट बेसिनमध्ये पडला. मावशींनी झडप घालून तो धरला. काडीची वरची बाजू कडक होती. खालच्या टोकाला नख लावलं तर सिमेंट नखाला चिकटलं. इतक्या दिवसांनीही मऊ होतं. तोंडात खिंडार पडलेलं असताना मावशींना अतोनात आनंद झाला. काडी कापसात गुंडाळून त्या जवळजवळ धावतच दवाखान्यात गेल्या.

"डॉक्टर, हे खालचं टोक बघा. ओलं आहे अजून. उजेड पोचलाच नाही."

डॉक्टरांनी काडी घेतली, नख लावलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी स्पिरिटचा बोळा उचलला आणि काडी वरपासून खालपर्यंत स्वच्छ पुसली.

"कुठं ओलं आहे?" काडी बाकाच्या दिशेनं धरत ते म्हणाले. "चांगली कोरडी ठणठणीत आहे."

"तुम्ही आत्ता पुसलंत."

"कालपर्यंत दात ठाम होता. सगळ्यांनी ऐकलंय. ओढून काढलात तुम्ही."

मावशींनी मेव्हणीकडे पाहिलं. ती अगदी शेजारी उभी होती, तिनं सगळं पाहिलं होतं. ती ट्रेमधले बोळे नीट रचत राहिली.

"उद्यापासून येऊ नका," डॉक्टर म्हणाले. "आणि दात बसवायचा असेल तर बाहेर नंबर लावा. आता तुम्ही पेशंट."

मावशी बाहेर आल्या. चपला घालायला बाकावर टेकल्या, तेव्हा शेजारच्या बाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहून नजर वळवली. नंबर आलेला माणूस आत गेला, दार लागलं. बऱ्याच वेळानं आतून बीप ऐकू आला आणि दाराच्या दुधी काचेवर निळा उजेड पडला. मावशी अजून एकच चप्पल घालून बसल्या होत्या. एक, दोन, तीन. दहाला काच पांढरी झाली.

"झालं?" आतून पेशंटचा आवाज आला.

"झालं! एकदम ठाम."

मावशी ओठ मिटून मोजत राहिल्या. चाळीस झाल्यावर त्यांनी दुसरी चप्पल पायात घातली.