अंजनामायची लेक

“पुनम आली का वो?”

भल्या पहाटे, काळोख अजून कौलांना चिकटून असताना आई विचारायची. कोणाला विचारायची कोण जाणे; दाराला, कोंबड्याला, नाहीतर समोरच्या जात्याला. गोधडीत गुरफटलेल्या रंजीच्या कानात ते शब्द अर्ध्या झोपेत शिरायचे, मग जात्याची घरघर सुरू व्हायची आणि तिचा पुन्हा डोळा लागायचा. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण त्या रविवारी सकाळी गोंडपिपरीतल्या आपल्या स्वयंपाकघरात, भिजून फुगलेल्या लाखोरीच्या डाळीत बोटं घालून उभ्या असलेल्या रंजीताला तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला. त्या आवाजात आपलं नाव नाही, हेही पुन्हा ऐकू आलं.

“आज कोनतं पुस्तक शिजून राह्यलं?” नवऱ्यानं, धनराजनं, चपला घालता घालता विचारलं.

“तुमाले काय करा लागते? तुमी भावाकडे जेवा.”

“जेवतोच. मागच्या खेपेस गिरजाबाईच्या घरून तू उपाशी आली होती.”

तो हसत गेला. त्याचं खोटं नव्हतं. गावातल्या बायांच्या पुस्तकभिशीची रीतच तशी होती. दर महिन्याला चिठ्ठी निघायची. जिचं नाव निघेल तिच्या घरी बैठक, आणि पुस्तकात जे शिजलं असेल तेच ताटात. गिरजाबाईच्या पाळीला तुरुंगातल्या आठवणींचं पुस्तक आलं, तर त्या माउलीनं बायांना जर्मनच्या थाळीत पाण्यासारखं वरण आणि करपलेली भाकर वाढली, वर दाराला बाहेरून कडी घातली.

या खेपेस चिठ्ठी रंजीताची निघाली. पुस्तकाचं नाव निघायच्या आतच इंदुताई म्हणाल्या, “आपल्या पुनमताईचंच घ्या ना. नवंकोरं हाय, आन् खायाचं किती हाय त्याच्यात.” सगळ्यांनी माना डोलावल्या. पुनमनं तेवढी डोलावली नाही. तिनं रंजीताकडे पाहिलं. रंजीता म्हणाली, “चालते की.”

पुस्तकाचं नाव होतं ‘अंजनामायचं जातं’. अंजनामाय म्हणजे रंजीताची सख्खी आई.

हे पुनम सोडून त्या बायांतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. माहेर वैनगंगेपलीकडच्या गावातलं. रंजीता लग्न होऊन इकडे आली, सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत बसली आणि खिडकीतून आत येणाऱ्या हातांवर गोळ्या ठेवत ‘सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर’ म्हणता म्हणता तिचे केस पिकले. पुनम आली ती मुख्याध्यापिका होऊन, बदलीवर. लहानपणी शेजारच्या घरात आईवाचून वाढलेली ही पोर पहाटे पहाटे अंजनामायला दळू लागायला यायची. आता तिचं पुस्तक निघालं, आणि पहिल्याच पानावर आईची ओवी:

दळण सरलं बाई, सूप रिकामं भुईवर
शेजीची लेक माही, दिव्यावानी दारावर

सबंध पुस्तकात रंजीता कुठे होती? शोधून शोधून एका जागी सापडली. ‘अंजनामायला एक लेक होती. ती उशिरा उठायची.’ एवढंच. नावसुद्धा नाही.

ते वाचलं त्या दिवशी रंजीता खिडकीतून एका गरीब म्हातारीवर उगाचच खेकसली. आपली साडी दुसरीनं नेसून मिरवावं आणि लोकांनी आपल्यालाच येऊन सांगावं, पाहा कशी शोभते, तसं झालं होतं. बरं, ओरडावं तर कोणत्या तोंडानं? साडी खरंच शोभत होती. आईचा खोकला, तव्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहायची तिची सवय, हसताना तोंडावर घ्यायचा पदर, सगळं पुस्तकात जिवंत होतं. रंजीताला त्यातलं निम्मं आठवतही नव्हतं. जाळ होता तो त्याचाच.

आपण होऊन सांगायचं नाही, तिनं ठरवलं होतं. येईल तर पुनमच्या तोंडून येऊ दे.

दुपारी बाया आल्या. मोहाची भाकर, जवसाची चटणी, वांग्या-वडीची भाजी, गार आंबील. रंजीतानं पुस्तकाबरहुकूम मांडलं होतं.

“बापा, वास काय सुटून राह्यला,” इंदुताई मांडी घालून बसल्या.

बँकेत नोकरीला असलेल्या रिनानं भाकरीचा तुकडा मोडला. “पुनमताई, तुमची माय अशीच करे का वो?”

“अशीच,” पुनम म्हणाली. ताटावरची नजर तिनं वर उचलली नाही.

“नशीबवान हाय तुमी.”

“आन् ते लेक? उशिरा उठनारी?” गिरजाबाई हसल्या. “तिले का कदर असन मायची. असतेच अशी एखादी, घरात गंगा आन् आंघोळ शेजारी.”

सगळ्या हसल्या. रंजीताची पळी आंबिलीत थांबली. आता सांगेल, तिला वाटलं. आता तरी. पुनमनं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

“पन वडे कुठी हायेत?” रिनानं ताटात शोधलं. “लाखोरीचे वडे? तेच तं खरं हाय पुस्तकात. मी तं रडली ते वाचून.”

ते प्रकरण सगळ्यांनाच पाठ झालं होतं. दळण संपलं की अंजनामाय चूल पेटवायची आणि कढईतला पहिला वडा पुनमच्या हातावर ठेवायची.

“डाळ भेटली नाई,” रंजीता म्हणाली.

“गोंडपिपरीत लाखोरी नाई भेटली?” इंदुताईंच्या भुवया चढल्या. “नवल हाय बाई.”

“नाई भेटली.”

बाकी सगळं तिच्या हातांनी मुकाट्यानं केलं होतं; डाळ वाटायची वेळ आली तेव्हा हात अडले. वडे केले असते तर पहिला पुनमच्याच हातावर ठेवावा लागला असता, सगळ्यांच्या देखत, आणि सगळ्यांनी वा म्हटलं असतं.

पुनम हात धुवायला आत गेली. रंजीता लगबगीनं मागे गेली, पण उशीर झाला होता. ओट्यावरच्या पातेल्यावरची ताटली पुनमच्या हातात होती. आत डाळ, टम्म फुगलेली.

पुनमनं डाळ निथळली, मिक्सरच्या भांड्यात घातली, मिरच्या-लसूण शोधून टाकला आणि बटण फिरवलं. जन्मभर याच घरात वावरल्यासारखी. मिक्सर थांबला.

“जा, सांगून दे त्याईले,” रंजीता दबक्या आवाजात म्हणाली. “रंजी खोटी हाय म्हन. तुले काय, साऱ्या तुह्याच पंगतीच्या.”

“कढई ठेव, रंजी.”

“माह्या मायनं माह्या नावाची एक ओवी नाई म्हनली, पुनम. एक नाई. तुले दिवा म्हने.”

पुनमचे वाटलेल्या डाळीनं भरलेले हात तसेच राहिले. मग ती म्हणाली, बोलावं तसं, चाल न लावता:

“हळू फिर जात्या बाई, नको घरघर करू
गोधडीत निजलं माहं रंजीचं पाखरू.”

रंजीतानं ठेवलेल्या कढईत तेल तापू लागलं होतं. बाहेर रिना कशाला तरी खळखळून हसली.

“हे काय होय?” रंजीतानं विचारलं.

“पयली ओवी. रोजची. हे म्हनल्याबिगर तुही माय दुसरी म्हनतच नव्हती. तू निजली राहे, तुले कुठून ऐकू येईन.”

“पुस्तकात नाई ते.”

“लिहिली होती. छापाच्या आंधी काढली.” पुनमनं वडा थापला, मोडला, पुन्हा थापला. “मी अंधारात उठून जात्याचा खुटा ओढू तवा मले वडा भेटे. तुले निजून भेटे. हे ओवी ठेवली असती तं वाचनाऱ्याले समजलं असतं, मी कोन होती त्या घरात. जात्याचा दुसरा हात. लेक नाई.” मग हलकेच, “तुह्या झोपेचा हेवा वाटे मले. अजून वाटते.”

रंजीता तेलाकडे पाहत राहिली. जिच्यावर इतकी वर्षं आपण जळलो ती आपल्याच गोधडीच्या काठाशी थंडीत कुडकुडत बसली होती. हेवा असा एका ओवीनं विझत नाही. उलट नवीनच एक टोचणी लागली, की आपल्या नावाची ओवीसुद्धा या बाईकडूनच घ्यावी लागते आहे.

“पुन्हा म्हन,” ती म्हणाली.

पुनमनं म्हटली. रंजीतानं पहिली ओळ तिच्यामागून ओठांतल्या ओठांत म्हटली, दुसरीपाशी थांबली. मग एकेक वडा तेलात सोडला.

परात घेऊन ती बाहेर आली तेव्हा बायांनी सरकून जागा केली.

“भेटली मंग डाळ?” इंदुताईंनी विचारलं.

रंजीतानं परात मधोमध ठेवली. पदराला हात पुसले. मागे दारात पुनम उभी होती. ती पुढे आली नाही.

“डाळ घरातच होती. मी खोटं बोलली,” रंजीता म्हणाली. “आन् अंजनामाय माही माय होती.”