मीटरभर जिताडा

माझे सासरे मला लग्नाच्या पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहतात, आणि गेली चार वर्षं दर रविवारी मी त्यांना पाण्यावर नेतो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आठवड्याचे सहा दिवस अडकलेल्या लोकांच्या शिव्या खातो आणि सातव्या दिवशी सासऱ्यांच्या. लोकांच्या शिव्या निदान पंधरा-वीस मिनिटांत संपतात.

हे सगळं सुरू झालं त्यांच्या हातांमुळे. हात थरथरायला लागले, तरी होडी घेऊन एकट्याने खाडीत जाणं काही सुटेना. बायकोने रडून पाहिलं, भांडून पाहिलं. शेवटी त्यांनी लेकीला शब्द दिला: एक मीटरभर लांबीचा जिताडा मिळू दे, तोही गळाला आमिष म्हणून लावलेल्या लाकडाच्या खोट्या माशावर. त्या दिवशी रॉड खाली ठेवीन, पुन्हा पाण्याचं नाव काढणार नाही. तोवर जावई सोबत जाईल, असं बायकोने परस्पर ठरवून टाकलं. मला विचारायची तसदी कोणी घेतली नाही.

त्यामुळे या जगात त्या माशाची सगळ्यांत जास्त वाट कोण पाहत असेल, तर मी. मला मासेमारीत काडीचा रस नव्हता. पण रविवार परत मिळवायचा म्हणून मी भरती-ओहोटीच्या वेळा पाठ केल्या. तिवरांच्या मुळांपाशी पाणी कुठे वळतं, जिताडा कुठे दबा धरून बसतो, सगळं शिकलो. सासऱ्यांना माझी ही प्रगतीही सहन झाली नाही. "जावईबापू फार शहाणे झाले," ते पाण्याला सांगायचे.

ते नोकरीत मोजणीदार होते. भावाभावांनी एकमेकांची डोकी फोडली, पण आपण कुणाचा बांध बोटभर सरकवला नाही, हे त्यांनी मला किमान पन्नास वेळा ऐकवलंय. दोन वर्षांपूर्वी चांगला दणदणीत जिताडा मिळाला. मोजायच्या फळीवर ठेवला तर अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. फळीच्या उभ्या कडेला माशाचं तोंड टेकलेलं असावं लागतं. मी म्हटलं, तोंड कडेपासून दोन बोटं मागे घेऊ, शेपूट शंभरावर जाईल, बघायला कोण आहे इथे?

"हात काढा," सासरे म्हणाले. "असले धंदे लिफ्टमध्ये करा."

आणि मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरून, त्याने शेपटीचा फटका मारेपर्यंत थांबून, सोडून दिला.  

आता गेल्या महिन्यातला तो रविवार. हात थरथरत असल्यामुळे त्यांचा नेम हल्ली चुकतो, आणि खोटा मासा जाऊन मुळांत अडकतो. टाकणं त्यांचं, सोडवणं माझं. सोडवायची एक पद्धत आहे. रिळावर ड्रॅगची चकती असते. एरवी ती जरा सैल ठेवतात, म्हणजे मोठ्या माशाने हिसका दिला की दोरा तुटत नाही, रिळावरून सुटत जातो. अडकलेला गळ काढताना मात्र ती चकती पार आवळायची, रॉड सरळ मुळांकडे रोखायचा आणि ओढायचं. मग चकती पुन्हा सैल करायची. हे शेवटचं काम विसरलं की सगळं मुसळ केरात.

मी ओढलं. खोटा मासा सुटून कानाजवळून सूं करत गेला.

"लिफ्टही अशीच ओढता का?" सासरे म्हणाले. "म्हणूनच लोक अडकत असतील."

मी दात-ओठ खात रॉड त्यांच्या हातात दिला. चकती सैल करायची राहिली.

तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं. जिताडा पूर्ण बाहेर आला, तोंड उघडं, मान झटकत. मीटरच्या वर होता, मी पैजेवर सांगतो. मी आनंदाने ओरडलो. आता रीळ किंचाळायला हवं होतं. रीळ गप्प. रॉड वाकला, दोरा ताणला आणि फट्‌कन तुटला. सासऱ्यांनी चकतीला बोट लावलं.

"आवळून दिलात," ते म्हणाले. बस, इतकंच.

घरी गेल्यावर लेकीलाही तेवढंच सांगितलं आणि शांतपणे जेवायला बसले. बायको माझ्यावर तुटून पडली.

"मुद्दाम केलंस तू!"

"अगं, मी? मला तर तो मासा त्यांच्यापेक्षा जास्त हवा होता!"

"तुला बाबांना हरलेलं बघायचं होतं. एवढा कसला रे राग?"

सासरे ऐकत होते. वाटीतलं संपवून त्यांनी पुन्हा वाढून घेतलं. बायको आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटत होतं. म्हाताऱ्याला पुन्हा असा मासा लागेल न लागेल, आणि मी माझ्या रागाच्या भरात तो घालवला. सहा रात्री मला नीट झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या डोळ्यांसमोर चकती सैल केली. हातभर दोरा ओढून दाखवला. रॉड दिला. सासऱ्यांनी तो घेतला, माझ्याकडे बघितलं आणि थरथरत्या बोटांनी चकती आवळायला लागले. पार शेवटपर्यंत आवळली. आणि फेकलं.

"बाबा, आवळलीत तुम्ही."

"दिसतंय मला."

"लागला तर तुटेल ना!"

"तुटू दे. गळाचे उलटे काटे चेपलेत मी. मासा तासाभरात गळ झटकून टाकतो."

मला उलगडायला बराच वेळ लागला. मग माझा आवाज चढला. "म्हणजे मागच्या रविवारीसुद्धा?"

"तुम्ही रॉड हातात दिलात तेव्हाच कळलं होतं. हात थरथरतात माझे. बोटं मेलेली नाहीत."

"मग सैल का नाही केलीत?"

ते दोरा गुंडाळत राहिले. "शंभरच्या वर होता तो. मिळाला असता तर पुढच्या रविवारी मी कुठे बसायचं? तुमच्या बाल्कनीत?"

माझं डोकं फिरलं. होडीत उभं राहू नये हे विसरून मी उभा राहिलो. चार वर्षांचा साठलेला राग एका दमात बाहेर काढला. आयुष्यभर प्रामाणिकपणाची टिमकी वाजवलीत, आणि पोटच्या पोरीला फसवताय! आठ दिवस तिने मला चोरासारखं वागवलं आणि तुम्ही आमटी ओरपत बसलात! लबाड आहात, आपमतलबी आहात, आणि हे मी आज तिला सांगणार!

"सांगा," ते म्हणाले. "तुम्हाला तेवढंच हवंय. मी शब्द मोडलेला नाही. मासा मिळाला की थांबेन म्हटलं होतं. मिळवेन असं म्हटलं नव्हतं. आता खाली बसा, होडी उलटेल."

मी बसलो. त्यांनी पुन्हा फेकलं, या वेळी अगदी मुळांच्या कडेला, हवं तिथे. त्यानंतर तीन तास ते फेकत राहिले, मी सोडवत राहिलो, आणि मग घरी परतलो.

दारातच बायकोने विचारलं, "मिळाला?"

चार शब्द पुरेसे होते. "बाबा मुद्दाम दोरा तोडतात." चार शब्द, आणि माझे सगळे रविवार परत. मागे सासरे चपला काढत होते. पट्टा काही त्यांच्या बोटांना सुटत नव्हता, आणि ते मान वर करत नव्हते.

"नाही," मी म्हणालो. "थोडक्यात हुकला."

"यांच्याचमुळे," सासरे चपलेकडे बघत म्हणाले.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की बस. मी रॉड कोपऱ्यात उभा केला, पुढच्या रविवारसाठी.