मंगलाष्टकांची तबकडी

बायको प्रेमा फेब्रुवारीत गेली आणि दशरथ मेस्त्रींना काहीच झालं नाही. लोक भेटायला आले, त्यांना पाणी दिलं. दिवसकार्य झालं. मुलगी ऋतिका महिनाभर नाहूरला येऊन राहिली, रडली, परत मुलुंडला आपल्या घरी गेली. मेस्त्री सकाळी उठत, दूध आणत, पेपर उघडत आणि दुपारपर्यंत तो तसाच उघडा असे.

जुन्या रेकॉर्डची कव्हरं जमवणं हा त्यांचा बावीस-पंचवीस वर्षांचा नाद. गाण्यांत त्यांना फारसा रस नव्हता. कव्हर कधी छापलं, हे शोधण्यात होता. कंपनीचा पत्ता, छपाईचा रंग, कागदाची जाडी, मागच्या जाहिराती, सगळ्यावरून ते साल सांगायचे. घरी कव्हर ते बघायचे आणि तबकडी प्रेमा बाहेर काढायची. तिची नजर चांगली होती. मधल्या गोल लेबलावरची बारीक अक्षरं ती वाचून दाखवायची, मग दोघं मिळून साल ठरवायची. आता लोक फोनवर फोटो पाठवत आणि मेस्त्री एका ओळीत उत्तर देत. त्यासाठी मनात काही वाटावं लागत नसे.

मे महिन्यात दहिसरहून कल्पिता नावाच्या बाईंचा फोन आला. त्यांची बिल्डिंग पाडली जाणार होती. भाड्याच्या लहान जागेत हलायचं होतं आणि वडिलांच्या रेकॉर्डची पेटी काढून टाकायची होती. "काका, कुठलं काय आहे तेवढं सांगाल का? आम्हाला यातलं काही कळत नाही."

मेस्त्री जाणार नव्हते. ऋतिकाने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "जा ना बाबा. घरात बसून काय करतोस?" मग ते गेले.

कल्पिता पन्नाशीच्या, शाळेत नोकरी करणाऱ्या. घरभर खोकी होती. खिडकीशी त्यांची आई बसली होती, मंजुळाबाई. मूळच्या मालवणकडच्या, नवरा महादू गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. "आईचं हल्ली सगळं गोंधळतं," कल्पिता हळू आवाजात म्हणाल्या. "काल मला मावशी समजली."

मेस्त्रींनी एकेक कव्हर उचलून सालं सांगितली. कल्पिता चिठ्ठ्या चिकटवत गेल्या. मग एक छोटं, पिवळट कव्हर आलं. मंगलाष्टकं आणि मागच्या बाजूला सनई. गिरगावातल्या एका छोट्या, केव्हाच बंद पडलेल्या कंपनीचं.

"ही माझ्या लग्नात लागलली," खिडकीतून मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. "भटजीचो घसो बसललो. मगे ह्यांनी ही लावल्यानी. सगळी चाळ हसलली."

"आईबाबांचं लग्न एकोणसत्तरचं," कल्पिता म्हणाल्या.

मेस्त्रींनी कव्हर उलटं केलं. खाली पत्ता होता, त्यात सहा आकडी पिनकोड. "मग ही नाही," ते म्हणाले. "पिनकोड बहात्तरमध्ये आला. त्याआधी नुसतं मुंबई चार लिहायचे. हे बहात्तरच्या आधीचं असूच शकत नाही."

"बघ आई," कल्पिता म्हणाल्या. त्यांचा सूर रागाचा नव्हता, थकलेला होता. "तुझ्या लग्नातली नाही गं ही. दुसरी असेल."

मंजुळाबाईंनी आधी लेकीकडे, मग मेस्त्रींकडे पाहिलं. "मगे माका कसा आठवता?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यांनी पदर हातावर ओढून घेतला आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मेस्त्रींनी पुढचं कव्हर उचललं. आपण त्या बाईला दुखावलं हे त्यांना दिसलं होतं. वाईट मात्र वाटलं नाही.

आठवड्याने कल्पितांनी फोटो पाठवला. मंगलाष्टकांच्या रेकॉर्डला गिऱ्हाईक मिळालं होतं, त्याला तबकडी बघायची होती. "हा फोटो चालेल का?"

मेस्त्रींनी फोटो मोठा केला. लेबल मरून रंगाचं होतं. त्या कंपनीने सत्तर साली मरून रंग सोडून निळं लेबल घेतलं होतं. प्रेमानेच ते पहिल्यांदा पकडलं होतं, तीन तबकड्या शेजारी ठेवून. म्हणजे तबकडी जुनी होती आणि कव्हर नंतरचं. त्या दिवशी दहिसरला त्यांनी तबकडी बाहेर काढलीच नव्हती. ते काम नेहमी प्रेमाचं असायचं.

त्यांनी कल्पितांना फोन केला. "विकू नका. मी येतो."

"काका, पण व्हॉट्सअॅपवर सांगा ना. एवढ्या लांबून कशाला?"

"आईंना सांगायचंय."

या वेळी ते थेट खिडकीशी गेले आणि स्टूल ओढून बसले. मंजुळाबाईंनी त्यांना ओळखलं नाही. मेस्त्रींनी तबकडी त्यांच्या मांडीवर ठेवली. "तुमचं बरोबर होतं. ही तुमच्या लग्नातलीच. मी चुकलो. फक्त कव्हर नंतरचं आहे. ते कसं काय?"

"कव्हर?" मंजुळाबाई म्हणाल्या. "पयला कव्हर ह्याच चेडवान फाडल्यान. दोन वर्साचा होता. बारीक बारीक तुकडे केल्यान." त्यांनी कल्पितांकडे बोट दाखवलं. "ह्ये दुकानात गेले. नुसता कव्हर देवा म्हणाले. दुकानदार हसलो. मगे काय, अख्खी नवी रेकॉर्ड घेऊन इले. कव्हर ठेवल्यानी आणि नवी रेकॉर्ड शेजारच्या शेवंताक देऊन टाकल्यानी. मी किती दिस तेंच्याशी बोलूक नाय."

कल्पिता हातातली चिकटपट्टी धरून उभ्या होत्या. "आई, हे तू कधी सांगितलं नाहीस."

"कोणी विचारूक नाय."

"पण नवीच ठेवायची ना," मेस्त्री म्हणाले. "जुनी द्यायची शेजारी. नवी चांगली वाजली असती."

मंजुळाबाईंना हे फारच खुळं वाटलं. "ती खंय आमच्या लग्नात वाजलली?"

मेस्त्रींना हसू आलं. हे आत्ता घरी जाऊन सांगायला हवं, असं वाटलं, आणि पाठोपाठ आठवलं की घरी ऐकायला प्रेमा नाही. त्यांनी खाली पाहिलं.

"काय झाला?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"बायको गेली माझी. फेब्रुवारीत."

"रडलात?"

"नाही."

"माका पण रडू येवक नाय," त्या म्हणाल्या. "हे गेले तेव्हा मी सगळ्यांका जेवूक वाढलंय." एवढं बोलून त्या तबकडीच्या कडेवरून बोट फिरवू लागल्या. मग रडू कधी आलं, की आलंच नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मेस्त्रींनी विचारलं नाही.

कल्पितांनी गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. मग आईच्या पायाशी बसून त्यांनी विचारलं, "आई, भटजींचा घसा बसला, मग पुढे काय झालं?" मंजुळाबाई सांगू लागल्या. मध्येच नावं चुकली, दोन माणसांचा एक माणूस झाला, पण कल्पितांनी कुठे अडवलं नाही. मेस्त्रींना जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं.

दुपारी ते दहिसर चेकनाक्याच्या स्टॉपवर उभे होते तेव्हा ऋतिकाचा फोन आला.

"बाबा, जेवलास का?"

"जेवलो. त्यांच्याकडे. भाकरी आणि सुकटीचं कालवण."

"कसं होतं?"

मेस्त्रींनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. समोरून एक बस निघून गेली, त्यांचीच होती.

"तिखट," ते म्हणाले. "फार तिखट होतं गं."