बाकाची दुसरी बाजू

“हसू नका,” केहिंदे म्हणाला. “पासपोर्टात हसणारी माणसं चालत नाहीत. दोन्ही कान दिसू द्या, तोंड मिटा, आणि चोरी करताना सापडल्यासारखं बघा. हां, अस्सं.”

समोर बसलेले मास्तर बिचारे खरंच तसे बघायला लागले. खटकन फोटो निघाला. ते शर्टाची बटणं नीट करत बाहेर पडले, तसा माझा भाऊ पडद्याआडून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “परदेशी निघालाय म्हणे. तोंड बघून विमानतळावरूनच परत पाठवतील.”

नायजेरियातल्या आमच्या इग्बो-ओरा गावात बाजारामागे त्याचा स्टुडिओ आणि त्याच जागेच्या अर्ध्या भागात माझं कापडाचं दुकान. मध्ये एक पडदा. त्यामुळे दिवसभर त्याचं गिऱ्हाइकांना हिडीसफिडीस करणं मला ऐकावं लागायचं. लोक याच्याकडे येतात तरी कशाला, हे मला कधी कळलं नाही. अपमान करून घ्यायला आमच्या गावात दुसरी पुष्कळ ठिकाणं आहेत.

बरं, गिऱ्हाइकांवर भागत नव्हतं. कॅमेरा हातात धरणाऱ्या प्रत्येक माणसाशी त्याचं वाकडं होतं. लग्नात फोटो काढत फिरणाऱ्या मुफुताउचं नाव काढलं की याचं तोंड कडू व्हायचं. “माणसाच्या तोंडात घास असताना फोटो काढतो आणि जेवण उरकायच्या आत मांडवाच्या दारात विकायला बसतो. लोक लाजेखातर घेतात, दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून.” वर्तमानपत्रवाल्यांबद्दल म्हणायचा, “दुसऱ्याचं घर वाहून जाताना ज्याचा हात हलत नाही, त्याचाच फोटो स्पष्ट येतो.” एकदा नदीकाठी एक परदेशी माणूस पाण्याच्या पाइपाएवढी लेन्स लावून आठवडाभर पक्ष्यांसाठी दबा धरून बसला होता. केहिंदे मुद्दाम तिथवर जाऊन त्याला बघून आला. “त्या पक्ष्याने मागितला होता का फोटो?” एवढंच म्हणाला आणि हात धुतले.

त्याच्या लेखी खरे फोटो दोनच. एक म्हाताऱ्या माणसाचा: झगा पसरून, पाय रोवून, हात गुडघ्यांवर ठेवून, समोर बघत बसलेला. “यात माणूस काही करत नाही, म्हणून तो दिसतो,” असं त्याचं म्हणणं. आणि दुसरा जुळ्यांचा.

आमच्या गावात एका घराआड जुळी पोरं. जो आधी जन्मतो तो ताइवो, नंतरचा केहिंदे. पण मोठा मानायचा केहिंदेलाच, कारण जग कसं आहे ते चाखून बघ म्हणून त्यानेच ताइवोला पुढे पाठवलेलं असतं. आणि दोघांतलं एक गेलं तरी आई दोघांचीच राहते. एकाच ठाणातून दोघांना कपडे शिवते, दोघांची ताटं मांडते. आमच्या आजीच्या वेळी गेलेल्या मुलासाठी लाकडी बाहुली कोरून घ्यायचे. आता फोटो. उरलेल्याला बाकाच्या एका बाजूला बसवायचं, लेन्सचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून फोटो काढायचा. मग रीळ पुढे न सरकवता त्याला दुसऱ्या बाजूला बसवायचं, लेन्सचा दुसरा अर्धा भाग झाकायचा आणि पुन्हा काढायचा. फोटोत दोघं शेजारी शेजारी येतात.

गावातल्या किती आयांची रिकामी बाजू माझ्या भावाने अशी भरून दिली. त्या कामात मात्र कुणाला टाकून बोलला नाही. उरलेल्या पोराला म्हणायचा, “आता तू तो आहेस. घाबरू नकोस, तुला काही होत नाही.”

त्याचा स्वतःचाही तसा एक फोटो होता. आमचा ताइवो सहा वर्षांचा असताना गोवराने गेला. मी इडोवू, जुळ्यांच्या पाठची. मला तो आठवत नाही. पण आईच्या खाटेशेजारी तो फोटो होता. खिडकीच्या बाजूला केहिंदे, दाराच्या बाजूला ताइवो, आणि दोघंही केहिंदेच. आई लाल ताडतेलातली चवळी आधी दाराच्या बाजूच्यापुढे ठेवायची. माझा फोटो? माझा कुणी काढला नाही. जुळ्यांच्या पाठचं पोर हट्टी असतं, एवढंच माझ्याबद्दल सगळ्यांना ठाऊक.

मास्तर गेले त्याच दुपारी आई काठी टेकत स्टुडिओत आली. तिला आता अगदी डोळ्यांपाशी धरल्याशिवाय काही नीट दिसत नव्हतं. डोईच्या फडक्यात बांधून तिने ती चौकट आणली होती. फडकं सोडलं तर आतून मातीच सांडली. वाळवीने दोन्ही पोरांचे चेहरे खाल्ले होते. उरले होते चार गुडघे आणि बाकाचे पाय.

“दुसरा काढून दे,” आई म्हणाली.

“याचीच काच बदलून देतो,” केहिंदे म्हणाला.

“गुडघ्यांना जेवू घालू का मी? नवा काढ. आता काही ती सहा वर्षांची नाहीत. मला माझे दोन बाप्ये बघायचेत. मी गेल्यावर ताइवोने विचारलं, आई, मी मोठेपणी कसा दिसलो असतो, तर काय सांगू त्याला?”

“सांग, टकला झाला असतास.”

“केहिंदे!”

“मी बसणार नाही, माय. गावातल्या कुणाचाही काढीन. माझा नाही.”

आईने फुटकी चौकट फडक्यात बांधली आणि काठी टेकत निघून गेली. माझं डोकं फिरलं. पडदा बाजूला सारून मी आत गेले.

“लाज नाही वाटत? जन्मभर जगाला नावं ठेवलीस, आणि स्वतःच्या आईसाठी दोन वेळा बाकावर बसवत नाही तुला? एवढा कसला रे ताठा?”

तो लेन्स पुसत होता. पुसून झाली तरी पुसतच राहिला.

“तुला काय ठाऊक, इडोवू. तो फोटो आला त्या दिवशी आईने तो छातीशी धरला. मग त्याच्यावरून हात फिरवत बसली. दाराच्या बाजूच्यावरून. मी शेजारी उभा होतो. मी म्हटलं, माय, तो मीच आहे. तर मला म्हणाली, चूप, त्याला ऐकू जाईल.” त्याने लेन्स खाली ठेवली. “तेव्हापासून पहिला घास त्याचा. हाक मारायची ती आधी त्याला. माझंच तोंड, आणि लाड त्याचे! आता हे म्हातारं तोंडही त्यालाच देऊ?”

मला त्याची कीव आली आणि रागही आला. केस पिकलेला बाप्या आणि स्वतःच्याच फोटोवर जळतोय. मी म्हटलं, “दे. नाहीतरी या तोंडाचा तुला काय उपयोग झालाय? जगाकडे बघून नाक मुरडायलाच ना?”

त्याने लेन्स पुन्हा पुसायला घेतली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच माझ्या दुकानातून निळं कापड निवडलं, आणि पुढच्या आठवड्यात एकसारखे दोन झगे शिवून आले. एकाच झग्यावर भागलं असतं. पण जुळ्यांचं असं करत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं.

कॅमेरा त्याने तिकाटण्यावर बसवला, पुठ्ठा लावला आणि बटण कुठे दाबायचं ते मला दाखवलं. “हात हलवू नकोस. रिळाला तर बोटसुद्धा लावू नकोस. तुझ्यासारख्या हौशी माणसांनीच या धंद्याची वाट लावलीय.”

“बस गुमान,” मी म्हटलं.

तो खिडकीच्या बाजूला बसला, केहिंदे म्हणून. झगा पसरला, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि तोंडावर नेहमीचा तो भाव, सगळं जग खोटे फोटो काढतंय आणि याला एकट्यालाच ते कळलंय असा. मी बटण दाबलं. मग त्याने उठून पुठ्ठा फिरवला, दुसरा झगा घातला आणि दाराच्या बाजूला येऊन बसला. पुन्हा तेच तोंड.

“असं नको,” मी म्हटलं. “ताइवो कशाला चिडेल? त्याने जग चाखलं, आवडलं नाही, थुंकून मोकळा झाला. तुझ्यासारखा रोज चावत नाही बसला.”

केहिंदेला हसू फुटलं. खरंखुरं, दात दिसेपर्यंत. मी त्याला असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. मी पटकन बटण दाबलं.

फोटो धुऊन चौकटीत बसवला आणि आम्ही दोघं आईकडे गेलो. चवळी शिजलीच होती. आईने फोटो दारातल्या उजेडात धरला, डोळ्यांपाशी नेला, लांब केला, पुन्हा जवळ आणला. मग तिचं बोट काचेवरून सरकत दाराच्या बाजूच्या हसऱ्या चेहऱ्यावर थांबलं.

“हा माझा केहिंदे,” ती म्हणाली. “लहानपणी अस्साच हसायचा. अख्खं घर डोक्यावर घ्यायचा. ताइवो गेला आणि याचं हसू गेलं ते गेलंच. मला वाटलं होतं, आता बघायला मिळत नाही.”

मी भावाकडे बघितलं. तो चौकटीकडे बघत होता. मी तोंड उघडणार तोच त्याने माझं मनगट धरलं.

आईचं बोट खिडकीच्या बाजूला गेलं, त्या नाक मुरडलेल्या तोंडावर. “आणि हा ताइवो. किती रुसलाय बघ! एवढी वर्षं एकटा. कुणी याला जवळ घेतलं नाही.” तिने फोटो मांडीवर घेतला आणि त्या तोंडावरून हात फिरवायला लागली, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग चवळीची वाटी ओढून त्याच्यापुढे ठेवली. “घे बाळा. आधी तू खा.”

केहिंदे जमिनीवर बसला, आईच्या अगदी जवळ. माझं मनगट त्याने अजून सोडलेलं नव्हतं.

“खाल्लं का रे त्याने?” बऱ्याच वेळाने आईने विचारलं.

“खातोय, माय,” तो म्हणाला.