चाळीसचा काटा, त्रेचाळीसचं भूत

उद्धवराव भगताला या प्रकरणातून मिळवायचं होतं ते अगदी सरळ होतं: एक जुना पण धावता ट्रक, भंगाराच्या भावात, मेहुणा गणराजच्या नावावर. त्यांचं भांडवल म्हणजे दोन लिंबं, चिमूटभर अंगारा आणि एक मोबाइल. इतक्या कमी गुंतवणुकीत इतका नफा चाकणच्या कुठल्या कंपनीलाही जमलेला नाही.

साधनाचा ट्रक गेला असता, तर तिची चूलच विझली असती. नवरा रणजीत उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेला. मागे राहिला तो हा ट्रक. सुजित ड्रायव्हर त्यातून कारखान्यांना माल पोचवायचा आणि त्या भाड्यावर घर चालायचं.

रविवारी सकाळी मोशीच्या सर्व्हिस रोडवर निम्मी आळी जमली होती. भगताने सुजितला गाडी चालवायला बसवलं, दोन साक्षीदार केबिनमध्ये कोंबले आणि उपग्रहावरून गाडीचा वेग दाखवणारा मोबाइल त्यांच्या हातात दिला.

"काटा चाळीसवर धर. आनि ह्यो मोबाइल बघा. ह्यो वरनं बघतो. वरच्याला खोटं दिसत न्हाई."

ट्रक गेला, वळून आला. खाली उतरलेल्या तिघांचे चेहरे उतरले होते. काटा चाळीसवर, मोबाइलवर त्रेचाळीस.

"वरचं तीन कुठनं आलं?" भगताने आवाज खाली आणला. "मागनं ढकलतंय कोन?"

नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. रणजीत गाडी पळवायचा हे आळीला ठाऊक होतं, आणि हा प्रकार सुरूही झाला होता त्याच्या तेराव्यानंतर पहिल्याच फेरीला. शंभर किलोमीटरच्या फेरीत मीटरवर पडायचे चौऱ्याण्णव. उरलेला रस्ता कोण गिळतंय?

"मेलेल्याला घाई हाय," भगत म्हणाले. "आज तीननं ढकलतोय, उद्या तीसनं ढकलंल. एक दिवस सुजितला संगं घेऊनच जाईल. गाडी घराभाईर काढा. आमचा गणराज घेईल अंगावर, त्याचा उतारा मी बघतो."

सुजितने किल्ली साधनाच्या हातात ठेवली. "वहिनी, माफ करा. मला दोन लेकरं हायेत."

साधनाचा यावर विश्वास बसला होता. खरं सांगायचं तर तिला तो बसवूनच घ्यायचा होता. रोज संध्याकाळी ट्रक दारात लागला की ती केबिनमध्ये चढायची. ड्रायव्हरच्या सीटवर रणजीतच्या बसण्याचा खड्डा अजून तसाच होता. ती त्याला हात न लावता शेजारी बसायची. गार होणारं इंजिन टकटक करायचं. रणजीत बोटांनी दार वाजवायचा तसंच. ती हळूच म्हणायची, "आहे मी." मीटरवर कमी पडलेले किलोमीटर बघून तिला वाटायचं, घरी लवकर यायला तो रस्ताच आखडून घेतो. त्या केबिनमध्ये तिला भीती वाटायची, आणि तरी खाली उतरवत नसे.

आता किल्ली द्यायला तिचा हात पुढे झाला, तेवढ्यात तिची नणंद निशिगंधा मध्ये आली. थेरगावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, रणजीतची धाकटी बहीण.

"सुजितभाऊ, तेराव्यापर्यंत ट्रक कुठे होता?"

"दारात, ताई. मेलेल्या मानसाची गाडी तेराव्याआधी हलवत न्हाईत."

"रिकामा?"

"न्हाई, मालासकट. मागची टायरं आधीच घासलेली, भाराखाली बसून चिरली. मग भाईर काढताना गणराजभाऊंच्या दुकानातनं मागं दुसरी टाकली."

"त्याच मापाची?"

"जुनी साडेसात इंची, ती दुकानात नव्हती. सव्वाआठ इंची बसवली. जरा मोठी, पन बसली चांगली."

"आणि हे इतके दिवस बोलला नाहीस?"

सुजित गोंधळला. "टायरचा आनि भुताचा काय संबंध, ताई?"

लोक हसले. गणराज तेवढा हसला नाही.

निशिगंधाने खडू काढला. पुढच्या आणि मागच्या टायरवर, जमिनीला टेकल्या जागी खुणा केल्या. रस्त्यावरही केल्या. सुजितने पहिल्या गिअरमध्ये ट्रक मुंगीच्या चालीने सोडला. दोन्ही चाकांनी एकेक फेरा घेतला, तेव्हा मागच्या चाकाने जवळजवळ वीतभर रस्ता जास्त कापला होता. लोकांनी वाकून वाकून स्वतःच्या हाताने मापलं.

"काट्याला रस्ता दिसत नाही," ती म्हणाली. "तो मागच्या चाकांचे फेरे मोजतो, आणि चाक अजून जुन्याच मापाचं आहे असं धरून चालतो. चाक मोठं झालं, रस्ता जास्त कापला गेला; काट्याला ते कळायला मार्ग नाही. म्हणून वेग कमी दाखवतो, किलोमीटरही कमी."

"मास्तरीनबाई," भगत गुरकावले, "सख्ख्या भावाच्या आत्म्याला टायर म्हनता?"

"दाजी, चला," गणराज त्यांची बाही ओढत पुटपुटला. "मी म्हनलं हुतं, कुनीतरी टायरचं माप बघंल."

तो पुटपुटला, पण पुरेसं मोठ्याने.

गर्दी पांगली. साधना तिथेच उभी होती. "म्हणजे तो येत नव्हता?"

निशिगंधाला शाळेतला आवाज सापडेना. "नाही, वहिनी."

इतक्या लोकांच्या डोळ्यांसमोर ते मोठं टायर होतं, आणि आधी एकानेही वाकून मापलं नाही. नवल दिसलं की हात जोडायला कुणाची ना नाही. पण त्याच हातांनी आधी मोजून बघावं. काट्यावर भरवसा ठेवून सुजित आठवडेच्या आठवडे मर्यादेपेक्षा जोरात ट्रक हाकत होता. समोर कुणी आडवं आलं असतं, तर ते पापही रणजीतच्या नावावर लागलं असतं.

गणराजने आळीच्या लाजेने योग्य मापाची टायरं बसवून दिली. काटा आणि मोबाइल एकाच आकड्यावर आले. सुजित परत कामाला लागला. उद्धवरावांचं काहीच गेलं नाही. त्यांना महिन्याभरात दुसरी आळी मिळाली. ट्रक राहिला, चूल राहिली. रणजीत मात्र दुसऱ्यांदा गेला, आणि या खेपेला त्याला पोचवायला दोघीच होत्या.